एक परस म्हणजे किती

११ जानेवारी

अण्णांना आज खुर्चीत बसवलं. वीस मिनिटं. लकवा मारला त्याला पाच महिने झाले, उजवी बाजू अजून तशीच. फिजिओथेरपीचा पोरगा रोज म्हणतो, "प्रगती आहे आजोबांची." त्याला म्हणावं, एकदा आलेख काढून दाखव.

नळ आला, नवव्या दिवशी. टाकी भरेपर्यंत जिन्यात उभी. जमिनीखालच्या पाण्यावर डॉक्टरेट केलेली बाई मोटारीचा आवाज ऐकत उभी आहे, हे बघून शांताबाई हसल्या. (दिवसा अण्णांजवळ त्याच असतात.) हसू देत.

तबस्सुमच्या प्रबंधाचा पूर्ण मसुदा वाचून झाला. चांगला आहे. खरं लिहायचं तर माझ्यापेक्षा चांगला आहे. रोज नळदुर्गहून एस.टी.नं येते, आमच्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, उरलेल्या वेळात हे. पाच वर्षं झाली. माझ्या हाताखाली डॉक्टरेट होणारी पहिली. निवृत्तीला दीड वर्ष, म्हणजे शेवटचीही तीच.

१९ जानेवारी

तबस्सुमचा सबमिशनपूर्व सेमिनार, विद्यापीठाच्या उपकेंद्रात. छान बोलली. आवाज कापला नाही. बाहेरून आलेले परीक्षक अगदी कोवळे, माझ्या पहिल्या बॅचच्या पोरांपेक्षाही लहान. शेवटी एकच शंका काढली.

"तुमचं सगळं मॉडेल बहात्तरच्या दुष्काळातल्या पाणीपातळीपासून सुरू होतं. ती पातळी गावकऱ्यांनी परसात सांगितलेली. एक परस म्हणजे नक्की किती?"

सगळे हसले. मीही. तबस्सुमच्या आधी मीच उत्तर दिलं. "उभा माणूस. विहिरीची खोली आमच्याकडं माणसानं मोजतात. एक मीटर पासष्ट."

"हे कुणी ठरवलं?"

"माझ्या वडिलांची, अण्णांची उंची आहे."

पुन्हा हशा. परीक्षक मात्र हसले नाहीत, वहीत काहीतरी लिहून घेतलं. निर्णय: एककाबद्दल एक परिच्छेद जोडावा, बाकी मंजूर. ३० एप्रिलपर्यंत प्रबंध दाखल करायचा, तिच्या नोंदणीची मुदतही त्याच दिवशी संपते. जूनमध्ये कॉलेजातल्या कायम जागेची मुलाखत. दाखल केल्याचं पत्र हातात असलं तर तिचं नाव यादीत.

येताना तिला स्टँडसमोर गुलाबजाम खाऊ घातले. दोन खाल्ले तिनं, तिसरा अब्बांसाठी बांधून घेतला.

२० जानेवारी

कालच्या त्या प्रश्नानं जुनं उकरलं.

एम.एस्सी.नंतर सरांनी विषय दिला: खडकातून पाणी कसं मुरतं आणि कसं उतरतं, त्याची समीकरणं. समीकरणं मला यायची. पण सुरुवातीची पातळी ठाऊक असल्याशिवाय ती हलत नाहीत. आम्ही तिला प्रारंभिक अट म्हणतो. आमच्या गावांकडच्या जुन्या नोंदी कुठल्याच कचेरीत नव्हत्या. सर म्हणाले, विषय बदला. घरी येऊन रडले.

अण्णा तेव्हा मेंढरं घेऊन बेंबळीपासून पार राज्याच्या सीमेपर्यंत जायचे. दरसाल तीच वाट. कुठल्या विहिरीला पायऱ्या, कुठलीचं पाणी मेंढरं पीत नाहीत, सगळं तोंडपाठ. म्हणाले, "रडती कशाला? इहिरी मला इचार की."

दोन उन्हाळे अण्णा फिरले. एकशे सदतीस विहिरी, गावाला एक. गावोगाव म्हाताऱ्यांना गाठून विचारलं, बहात्तरला पाणी कुठं होतं? काळ्या पुठ्ठ्याच्या वहीत लिहून आणलं. शाळा दुसरीपर्यंत. आकड्यांचा भरवसा नाही म्हणून परसाला एक उभी काडी, सात परस तर सात काड्या. मी काड्या मोजल्या आणि १.६५नं गुणलं. मेंढरं अण्णांनी हाकली, मी उंटावरून शेळ्या.

त्यातून पेपर-१. परदेशी नियतकालिकात छापून आला. निष्कर्ष असा, की पाणी बहात्तरला होतं त्याच्याही कितीतरी खाली गेलंय आणि दरसाल उतरतंय. त्या पेपरावर नोकरी लागली, बढत्या मिळाल्या, चार परिषदांत खुर्ची मिळाली. नंतरचे अकरा पेपर त्याचीच पिल्लं. तबस्सुमचा प्रबंध त्याचं नातवंड म्हणायचं. लग्न राहून गेलं ते काही त्याच्यामुळं नाही, पण वेळ त्यातच गेला.

३ फेब्रुवारी

तबस्सुम रविवारी बेंबळीकडच्या गावांत जाऊन आली. एका परिच्छेदासाठी! मी म्हटलं होतं, कशाला जातेस, शब्दकोश बघ.

आज आली आणि आधी दार लोटलं.

"मॅडम, परस दोन आहेत."

मारुतीतात्या म्हणून आहेत, नव्वदीचे. आयुष्यभर विहिरी खोदल्या. त्यांचं बोलणं तिनं मोबाइलवर घेतलंय. मला ऐकवलं. खोकला, मग: "उभा मानूस व्हय? त्यो वरल्या अंगाच्या गावात. आमच्यात परस म्हंजी हात वर केल्याला गडी. इहिरीत उतरला की मानूस हात वरच करतो न्हवं का? बुडतानाबी तसंच."

आणि हसले म्हातारबुवा.

हात वर केलेला गडी म्हणजे सात फूट. उभा माणूस साडेपाचला थोडा कमी. तबस्सुम थांबली होती, मी काय म्हणते त्यासाठी. मी म्हणाले, एका म्हाताऱ्याच्या बोलण्यानं प्रबंध हलत नसतो. 'अंदाजे' हा शब्द घाल आणि पुढं चल.

"पण मॅडम, कुठल्या गावानं कुठला परस..."

"तबस्सुम, 'अंदाजे' लिही."

"हो मॅडम." माझ्याकडं न बघता म्हणाली. मी इतकी का चिडले?

४ फेब्रुवारी

सात परस. अडतीस फूट की एकोणपन्नास? अकरा फुटांचा फरक.

वर्गात साधा भागाकार चुकले. पोरांनी दाखवून दिला.

९ फेब्रुवारी

शेवटी बसलेच. जुना प्रोग्रॅम नव्या लॅपटॉपवर चढवायला तीन दिवस गेले. परस सात फुटांचा धरला, सगळ्या गावांना. मग मिसळून, निम्मी अशी, निम्मी तशी. मग वेगळी निम्मी.

सगळीकडं हात वर धरले तर सरासरीनं पाणी उतरलेलंच नाही. बहात्तरला होतं तिथंच आहे. मिसळलं तर काही गावांत उतरलंय, काहींत चक्क वर आलंय. म्हणजे पेपर-१ मध्ये मी पाण्याचा उतार म्हणून जे जगाला दाखवलं, तो माणसाच्या डोक्यापासून बोटांपर्यंतचा हिशेब असू शकतो. असेलच असं नाही. पण नाही असंही आता म्हणता येत नाही.

समीकरणं सगळी बरोबर आहेत. तीनदा तपासली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

तबस्सुमनं परिच्छेद पाठवला. 'अंदाजे' लिहिलंय. शिवाय तळटीप: एककाबाबत स्थानिक भेद संभवतात. तळटीप काढ म्हणून सांगितलं नाही. ठेव म्हणूनही नाही.

१६ फेब्रुवारी

वही शोधते आहे आठ दिवस. माळा, ट्रंक, अण्णांची जुनी पेटी. नाही. मग आठवलं, माझ्या प्रबंधाच्या शेवटी परिशिष्टात वहीचं एक पान छापलंय, नमुना म्हणून. प्रबंध डोळ्यासमोरच्या कपाटात. काखेत कळसा.

काढला. पानावर सहा गावं. खाली माझीच ओळ: 'माहितीदात्याचे हस्ताक्षर (अल्पशिक्षित)'.

भिंग घेऊन बघितलं. चार गावांपुढच्या काड्या साध्या, उभ्या. दोन गावांपुढच्या काड्यांना वर फाटे आहेत. प्रत्येक काडीला दोन. तेव्हा मला वाटलं होतं, अण्णांचा हात कापतो, पेन घसरतं.

पेन घसरलं नव्हतं. हात काढले होते अण्णांनी. प्रत्येक माणसाला दोन हात, वर केलेले. ज्या गावात जसा परस तसा माणूस काढलाय. दुसरी शिकलेल्या गड्यानं एकक लिहिलं होतं, आणि मी, सुवर्णपदकवाली, काड्या मोजत बसले.

लाज वाटते.

१७ फेब्रुवारी

वहीचं काय झालं तेही आठवलं. भाड्याची खोली सोडून या घरी आले तेव्हा रद्दीवाला बोलावला होता. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, जुने अंक, त्यात ती वही. अण्णा तेव्हा इथंच होते, म्हणाले, "ती ऱ्हाऊ दे की." मी म्हणाले, "अण्णा, आकडे कॉम्प्युटरात गेलेत. वही कशाला?" दिली.

आणि त्याच्याही आधीचं. पहिल्या उन्हाळ्यात अण्णा फिरून आले होते, चहा घेत सांगायला लागले. "सुमे, ह्या गावात कसं हाय, मोजताना त्यो गडी..." मला सरांकडं जायची घाई. मी म्हणाले, "अण्णा, गोष्ट नको. फक्त आकडा सांगा."

मग त्यांनी पुढं कधी गोष्ट सांगितली नाही.

कॉम्प्युटरात आहेत ते नुसते मीटर. पानावरची सहा गावं वगळली तर एकशे एकतीस विहिरींचा माणूस हात वर करून होता की खाली, हे आता फक्त एका डोक्यात आहे. आणि ते डोकं माझ्या शेजारच्या खोलीत, उशीला टेकून.

२ मार्च

रोज विचारते आहे. सकाळी, पेज भरवून झाल्यावर, डोकं जरा ठिकाणावर असतं तेव्हा. नकाशा मांडीवर पसरून. एक गाव, एक प्रश्न: "अण्णा, इथं परस कसला? हात वर की खाली?"

पहिले चार दिवस नुसते बघत राहिले. पाचव्या दिवशी डावा हात उचलला, वर, डोक्याच्याही वर. नकाशावर खूण केली. तेवढ्यात शांताबाई आत आल्या आणि पाण्याचं भांडं अण्णांच्या तोंडाला लावलं. गटागटा प्याले.

"हात वर केला की त्यास्नी पानी लागतं, बाई," शांताबाई म्हणाल्या. "तुमाला ठावं न्हाय व्हय?"

खूण खोडली.

९ मार्च

दुसरीकडून प्रयत्न. ज्या गावांत जाता येईल तिथं जाऊन विचारावं. दोन रविवार गाडी करून फिरले. अकरा गावं. बहात्तर आठवणारं माणूस तीन गावांत सापडलं. एकानं सांगितलं, हात वर. दुसऱ्यानं सांगितलं, आमच्याकडं परस नाहीच, हातच मोजायचे. तिसऱ्या आजी म्हणाल्या, "मापानं काय मोजायचं बाई? दोर पुरला तर पानी हाय, न्हाय पुरला तर न्हाय."

बाकी गावांत तरुण पोरं बोअरचे फूट सांगतात. पाचशे, सातशे. परस म्हटलं की घरामागची बाग दाखवतात.

विहिरीत डोकावून काही कळेना. निम्म्या बुजल्यात, उरलेल्यांत बाटल्या. बहात्तरचं पाणी काही आत थांबून राहिलेलं नाही.

२१ मार्च

ईद. तबस्सुमच्या अम्मी नळदुर्गहून शीरखुर्मा घेऊन आल्या, डबा रुमालात बांधून. एकट्याच. अण्णांच्या उशाशी बसून त्यांनी त्यांचा हात दाबला, आपल्याच माणसाचा दाबावा तसा. मग मला म्हणाल्या:

"बाई, पोरीचं काय चुकलं का? घरात बोलत न्हाई. कागद कवा व्हनार म्हनलं की उठून जाती."

"काही चुकलं नाही तिचं."

"तिच्या अब्बानं पाटीवाल्याला सांगून ठिवलंय. दारावर नाव लावायचं, म्होरं 'डॉ.' घालून. हायवेला दिवसभर ट्रकाचे टायर खोलतात, पर जो येईल त्याला सांगतात. मीच म्हनते, आधी व्हऊ दे."

शीरखुर्मा वाटीत घेतला. गोड होता. जाताना म्हणाल्या, "तुमचा लई भरोसा हाय तिला."

मार्गदर्शकाच्या प्रमाणपत्रावर माझी सही व्हायची आहे, तेवढीच राहिलीय. कोरा कागद १२ मार्चपासून माझ्या ड्रॉवरमध्ये. तबस्सुमनं दोनदा आठवण केली. मी म्हटलं, शेवटचं एकदा बघते.

५ एप्रिल

बी.पी. १५०/९०. डॉक्टर म्हणाले, कसला ताण आहे? मी म्हणाले, उन्हाचा.

पेपर-१ ज्यांनी छापला त्यांना पत्र लिहायला घेतलं. एकच परिच्छेद: मोजमापाच्या एककात चूक आढळली आहे, मूळ नोंदी उपलब्ध नाहीत, निष्कर्ष ग्राह्य धरू नये. इंग्रजीत चार ओळी झाल्या. तीस वर्षं चार ओळींत.

माझं मी सोसेन. निवृत्तीला आले, लोक चार दिवस बोलतील, दोन जण मनातून खूशही होतील. पण पत्र गेलं की तबस्सुमचा प्रबंध कोसळला. पहिल्या प्रकरणापासून सहाव्यापर्यंत पाया तोच. तिची काही चूक नसताना. नाही, चुकीचं लिहिलं. तिनं तर चूक पकडली होती. मी तिला 'अंदाजे' शिकवलं.

१४ एप्रिल

सुट्टी. मिरवणुकीचा ढोल खिडकीतून. अण्णा आवाजाकडं मान वळवून होते, खूश दिसले. नकाशा काढला नाही आज. त्यांना का छळायचं, असं वाटलं. मग वाटलं, हा दयाळूपणा नाही, भीती आहे.

१८ एप्रिल

सकाळी साडेआठ. पेज झाली, तोंड पुसलं. नकाशा. आज क्रम बदलला, त्यांच्या मेंढरांच्या वाटेनं गावं घेतली. बेंबळीपासून. तिसऱ्या गावाला ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"सुमे."

आठ महिन्यांत पहिल्यांदा नाव घेतलं. "अण्णा, बोला. इथं हात वर का?"

कपाळाला आठ्या पडल्या, पूर्वी हिशेब चुकवणाऱ्यावर रागवायचे तशा. मग अगदी स्वच्छ म्हणाले:

"म्या लिवलं हुतं की."

पुढं काही नाही. मी दहा वेळा विचारलं. डोळे मिटून घेतले. शांताबाई म्हणाल्या, किती जीव खाता बाई त्यांचा.

मोरीत जाऊन रडले. नळ नव्हता, बादलीतल्या पाण्यानं तोंड धुतलं. आज कॉलेजला गेले नाही. कुणाला काही सांगावं असंही वाटत नाही.

२७ एप्रिल

तबस्सुमला घरी बोलावलं. माझ्या प्रबंधातलं ते पान उघडून पुढं ठेवलं. म्हटलं, नीट बघ, काड्यांचे शेंडे.

ती वाकलीसुद्धा नाही. "बघितलंय मॅडम."

"कधी?"

"फेब्रुवारीत. तुम्ही 'अंदाजे' लिही म्हणालात त्याच्या दुसऱ्या दिवशी लायब्ररीतली प्रत काढली."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले."

मी पत्राचं सांगितलं. सांगितलं की प्रबंध नव्यानं करता येईल, या अनिश्चिततेवरच, दोन परसांच्या गणितावरच. उलट जास्त चांगला होईल. नोंदणीला मुदतवाढ मागू, मी विद्यापीठात पायऱ्या झिजवीन. दोन वर्षं लागतील.

तिनं ऐकून घेतलं. शांतपणे, वर्गात ऐकते तसं. मग म्हणाली, "मॅडम, ह्या आकड्यावर तुमची तीस वर्षं चालली. मला फक्त तीन दिवस चालवायचाय."

मी माझा प्रबंध मिटून ठेवला.

"सही करा. मला कायम होऊ द्या. मग आपण दोघी मिळून लिहू ना, चूक झाली म्हणून. मीच लिहीन, माझं नाव आधी घाला."

"आणि तेव्हा नाही लिहावंसं वाटलं तर?"

"तुम्हाला तरी कुठं वाटलं, फेब्रुवारीपासून?"

चपराक बसली. रागही आला, बाहेर काढावी असं वाटलं क्षणभर. पण तिचं उत्तर बरोबर होतं, पायऱ्यांसकट. हे असं विचार करायला मीच शिकवलंय तिला: समोरच्याची प्रारंभिक अट तपासावी, मग पुढचं.

जाताना अण्णांच्या खोलीत डोकावली. "आजोबा, येते." त्यांनी डावा हात उचलला. तिनं धावत जाऊन भांडं भरलं.

२९ एप्रिल

काहीच ठरत नाही. शांताबाईंना विचारलं, नुसतं गंमत म्हणून: एखाद्यानं आपल्या बापाचं सांगणं नीट ऐकलं नाही, त्यात तिसऱ्याचंच नुकसान होतंय, तर काय करावं? म्हणाल्या, "बापाचं पाय धरावं, आन् तिसऱ्याचंबी." दोन्ही धरता येत नाहीत, म्हटलं. "मंग एकाचं सुटत्यात," म्हणाल्या आणि भांडी घासायला गेल्या.

३० एप्रिल

कॉलेज. माझी केबिन. सव्वाचार वाजलेत. खालचं कार्यालय पाचला बंद होतं.

टेबलावर दोन गोष्टी. डावीकडं प्रमाणपत्र: संशोधन माझ्या देखरेखीखाली झालं, त्यातली माहिती माझ्या समजुतीप्रमाणं खरी आहे. उजवीकडं ते चार ओळींचं पत्र, लॅपटॉपवर, नुसतं पाठवायचं बाकी.

सही करून पत्र पाठवलं तर सहीला अर्थ नाही, महिन्याभरात तिला परत बोलावतील, सगळ्यांसमोर. सही न करता पाठवलं तर ती आजच संपली. सही करून पत्र पुसून टाकलं तर सगळ्यांचं भलं होतं. तबस्सुमचं, तिच्या अब्बांच्या पाटीचं, माझ्या पेन्शनीतल्या झोपेचं. अण्णांना कळायचा प्रश्नच नाही. आज सकाळी त्यांनी मला ओळखलं नाही, शांताबाईंना माझ्या नावानं हाक मारली.

त्या वाक्यात 'माझ्या समजुतीप्रमाणं' असा शब्द आहे. १५ फेब्रुवारीपर्यंत तो खरा होता.

अब्बा खाली उभे आहेत, गाडीला टेकून. आज दुकान बंद ठेवून आलेत, इस्त्रीचा शर्ट घालून. मघाशी जिन्यात भेटले, हात जोडले, बोटांच्या रेघांत काळं ग्रीस तसंच. "बाई, तुमी हायेत म्हनून," एवढंच म्हणाले. मी मान हलवली.

चार सत्तावीस. प्राचार्यांचा शिपाई दोनदा येऊन गेला. त्यांची सही घ्यायला आधी माझी लागते.

तबस्सुम समोरच्या बाकावर बसलीय, मांडीवर प्रबंधाच्या पाच प्रती, काळी बांधणी, सोनेरी अक्षरं. दाराच्या काचेतून मला बघते आहे. आत्ताच जरा सैलावून बसली, पहिल्यांदाच हसली. मी मान खाली घालून हे लिहिताना तिला दिसते आहे. सही करते आहे असं वाटलं असेल.